सत्ताविसावा नट

घरात बॅटरी मारून बघू नये अशा जागा दोनच. एक, माळ्याचा शेवटचा कोपरा. दुसरी, जुन्या मोटारसायकलची टाकी. मी दोन्ही ठिकाणी एकाच रविवारी बॅटरी मारली. माळ्यावर जे निघालं ते भंगारवाल्याने दीडशे रुपयांत नेलं. टाकीत जे दिसलं, त्याने माझे साडेतीन महिने नेले, वर परसातली एक फरशीही नेली.

गाडी दादांची, म्हणजे वडिलांची. १९६९ सालची जावा. मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, त्यावर गुडघे टेकायला काळं रबर आणि क्रोम संपतो तिथून कुणी कारागिराने श्वास रोखून हाताने ओढलेली सोनेरी रेघ. ‘जावा’ म्हटल्यावर बेट आठवतं, पण नाव चेक आहे. यानेचेक हा मूळ कारखानदार आणि वाँडरर ही जर्मन गाडी, या दोघांच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन ते बनलं. आपल्याकडे ती १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली. भारतातला कारखाना काढणारे रुस्तम इराणी. इंग्रजीत ज्यांच्या नावाची सुरुवातच गंजाने होते त्या माणसाने लोखंडी गाड्या विकाव्यात, हे धाडस मला मान्य आहे.

दादा एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. उसाच्या नोंदी, तोडणीचा क्रम, ‘साहेब, माझा फड राहिला’ म्हणणाऱ्यांची समजूत काढणं, ही सगळी कामं या गाडीवरून झाली. तिची किक आणि गिअर म्हणजे एकच दांडी. ती आत दाबून वर फिरवली की किक, खाली सोडली की गिअर, आणि तीही डाव्या बाजूला. त्यामुळे ही गाडी आमच्या गल्लीतून कधी चोरीला गेली नाही. चोर आला असता तरी किक शोधत बसला असता.

लहानपणी माझी बसायची जागा टाकीवर. पुढे मी, मागे दादा, त्यांच्या मागे आई. वळण आलं की टाकीतून, माझ्या मांडीखाली, ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा. दादांना विचारलं तर म्हणायचे, “जावाचा आवाज आहे तो. ओरिजिनल गाडीलाच येतो.” ही माहिती मी शाळेत अभिमानाने पुढे दिलेली आहे. “आणि म्हैसूरचा पत्रा,” दादा पुढे म्हणायचे, “गंजायचा नाही. मी कधी टाकीला हात लावलेला नाही.” पुढे पुढे तो ‘टक्’ आवाज कधीतरी बंद झाला. दादांच्या मते गाडी वयात आली होती.

दादा गेल्यावर गाडी सहा वर्षं परसातल्या पत्र्याखाली उभी राहिली. टाकी अर्धी भरलेली. कोल्हापूरचे सहा पावसाळे. आता या दोन वाक्यांत सगळं आलं, पण ते मला तेव्हा कळलं नाही, त्या रविवारी कळलं. झाकण उघडलं तर जुन्या वार्निशसारखा वास आला. बॅटरी मारली तर आत खारीचा पुडा फुटल्यासारखे तांबूस पापुद्रे, एकावर एक. बोट घातलं, पापुद्रा सुटला, तळाशी गेला. तळाशी त्याचे बरेच भाऊबंद आधीच जमले होते.

शेजारी रसायनशास्त्राचे निवृत्त सर राहतात. त्यांना फक्त “गंज” एवढा शब्द ऐकू गेला आणि ते चप्पल न घालता आले. त्यांनी सांगितलं ते खरं म्हणजे साधं आहे. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं कमी, तेवढी आत हवा जास्त. दिवसा हवा तापून बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते, पत्र्याला घाम सुटतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते थेंबाथेंबाने पेट्रोलच्या खाली जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं बसून राहतं. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा पाण्यापुढे करतो. तांब्या-पितळेवर कळंक चढतो तो निदान अंगाला चिकटून राहतो. गंजाला तेवढीही आपुलकी नाही. मग सर दिल्लीच्या लोहस्तंभाकडे वळले. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर एक संरक्षक थर बसलाय वगैरे. “पण सर,” मी म्हटलं, “त्या स्तंभात कुणी पेट्रोल भरत नाही.” सर जरा थांबले. म्हणाले, “आणि तो अर्धा रिकामाही ठेवत नाहीत.”

हे मला लागलं.

म्हणून मी इथेनॉलकडे वळलो. दोष द्यायला इथेनॉल फार सोयीचं आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी संगनमत करतं आणि दोघं मिळून तळाशी जातात. हे मी तावातावाने मेहुण्याला सांगितलं. मेहुणा एका कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, म्हणजे इथेनॉलचा माहेरचा माणूस. तो शांतपणे म्हणाला, “दाजी, गाडी सहा वर्षं बंद. सहा वर्षांपूर्वी पेट्रोलमध्ये एवढं इथेनॉल होतं कुठं?” आमच्याकडे सासरची माणसं अशीच आहेत. वर त्याने उपाय सांगितला तो ऐकून मी थक्क झालो. मळी. साखर काढून झाल्यावर उरते ती काळी, चिकट, उग्र वासाची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकीत भरायचं आणि दोन आठवडे विसरून जायचं. गंज विरघळतो, चांगल्या लोखंडाला धक्का नाही. म्हणजे बघा, दादांनी आयुष्यभर उसाच्या नोंदी केल्या, त्या उसाची साखर झाली, साखरेतून मळी उरली, मळीतून इथेनॉल झालं, ते गाडीच्या टाकीत आलं, आणि आता गंज काढायलाही पुन्हा मळीच. ऊस या जिल्ह्यात माणसाला कुठूनही सोडत नाही.

पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा डोळा असतो, कारण तिच्यापासून काय काय बनतं हे खात्याला चांगलं माहीत आहे. “टाकीचा गंज काढायला मळी पाहिजे” हे वाक्य मी चार वेळा आरशासमोर म्हणून पाहिलं. चारही वेळा मला माझा संशय आला. शिवाय दोन आठवडे परसात मळी म्हणजे जिल्ह्यातल्या मुंग्यांना आवतण. बायको म्हणाली, “त्यापेक्षा काकवी घाला की टाकीत, उरलीच तर भाकरीबरोबर खाता येईल.” काकवी टाकीत घालणं आमच्या भागात पाप आहे आणि तिला ते माहीत आहे.

सल्ल्यांचं पीक आलं. एक जण म्हणाला व्हिनेगर. एक म्हणाला थंड पेय ओता, त्यात फॉस्फरिक आम्ल असतं. ते खरं आहे, पण माझी टाकी तेरा लिटरची, आणि तेरा लिटर थंड पेय गाडीला पाजताना गल्लीतल्या पोरांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. एकाने संडास साफ करायचं ॲसिड सुचवलं. ते गंज खातं, मग लोखंड खातं, मग उरलेलं खायला तुमच्याकडे बघतं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा वीज घेऊन आला. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरीचा चार्जर, मध्ये एक लोखंडी सळई. निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह सळईला. पद्धत चांगली आहे, अगदी शास्त्रीय आहे. फक्त वायरी उलट लागल्या तर सळई वाचते आणि टाकी विरघळते. “मग पॉझिटिव्ह कुठली रे यातली?” मी विचारलं. भाचा दोन्ही वायरींकडे बघत म्हणाला, “थांबा, बघतो.” मी त्याला जेवायला बसवलं.

शेवटी आमच्या मिस्त्रीने सांगितलेला मार्ग घेतला. “आधी सुकं काम करा,” तो म्हणाला. “मूठभर नट टाका आत, थोडं रॉकेल टाका, आणि हलवा. पापुद्रं सगळं उतरतंय.” नट म्हटल्यावर मी उद्यमनगरात जाऊन दहा-अकराच्या पान्याचे चकचकीत नवे नट आणले. घरी आणून टाकीत टाकत होतो, तेवढ्यात आई आतून म्हणाली, “मोजून टाक रे.” आई त्या वेळी तांदूळ निवडत होती. मला वाटलं ती सुनेला तांदळाबद्दल सांगतेय. तरी हातासरशी मोजले. सत्तावीस.

टाकी हलवणं हा व्यायामाचा प्रकार म्हणून कुणी लिहून का ठेवला नाही कळत नाही. तिला धरायला जागा नाही. ती खोगिरासारखी, मधून खोल, दोन्ही बाजूंना पोटं. उभी धरली की नट एका पोटात, आडवी धरली की दुसऱ्या, आणि गंज नेमका मधल्या घडीत. मी तिला छातीशी धरून डावीकडे, उजवीकडे, कमरेतून, गुडघ्यातून हलवली. अर्ध्या तासाने लय सापडली. समोरच्या मंडळाच्या पोरांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “काका, लेझीम कधीपासनं?” संध्याकाळपर्यंत आणखी दोघे येऊन मिरवणूक किती तारखेला आहे विचारून गेले. दुसऱ्या दिवशी मला मान हलवता येईना, ती अजूनही डावीकडे कमीच जाते.

रॉकेल ओतून घेतलं तर चहासारखं लाल. त्याबरोबर गंजाचे तुकडे आणि नट. मोजले. सव्वीस. पुन्हा मोजले, सव्वीस. बायकोने मोजले, तिचेही सव्वीस, आणि तिची मोजणी बँकेतली आहे. टाकी हलवली की आत ‘खळ्’ होत होतं. भोकाच्या आतल्या बाजूला पत्र्याची कड थोडी आत आलेली असते. नट तिथपर्यंत येतो, कडेवर बसतो, तुमच्याकडे बघतो आणि परत जातो. मी टाकी उलटी केली, तिरकी केली, खाली झोपून वर बघत हलवली. एकदा तोंडात गंज पडला. त्याची चव रक्तासारखी लागते. सर म्हणाले बरोबर आहे, दोन्हीकडे लोहच.

मग मला एक हुशारी सुचली. जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक काढलं, सुतळी बांधली आणि टाकीत सोडलं. ‘ठक्’ आवाज आला. सुतळी ओढली तर येईना. टाकी लोखंडाची आहे, हा विचार मला त्या क्षणापर्यंत शिवला नव्हता. चुंबक आतून पत्र्याला असं बिलगलं की ते सोडवायला भाचा, मी आणि एक उलथणं एवढी माणसं लागली. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, “नट कशाला टाकलं ओ? चेनचा तुकडा टाकायचा असतोय. एका तारेत ओवलेला. सगळा एकदम बाहेर येतोय.” मी म्हटलं, तूच तर नट सांगितलेस. “मी इस्कटून सांगितलं न्हाई,” तो म्हणाला.

पुढचं काम लिंबूफुलाचं. सायट्रिक ॲसिड हे त्याचं कॉलेजातलं नाव. ते गंज विरघळवतं आणि चांगल्या लोखंडाशी बेताने वागतं. लिटरला साधारण ७५ ग्रॅम धरून मी किराणा दुकानात एक किलो मागितलं. दुकानदाराने पंचवीस ग्रॅमची पुडी उचलली होती, ती खाली ठेवली. “कार्य आहे का घरात? सरबताला?” मी म्हटलं गाडीला. त्याने वजन करताना माझ्याकडे बघणं टाळलं.

पेट्रोल कॉक काढून त्याच्या भोकात जुन्या थर्मासचं बूच ठोकून बसवलं. गरम पाण्यात लिंबूफूल विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर परसात दोन विटांवर ठेवली. झोपताना कान लावला तर आतून बारीक ‘चुरचुर’ ऐकू येत होती. इतकं समाधान मला मुलाच्या दहावीच्या निकालानेही दिलं नव्हतं.

सकाळी टाकी रिकामी होती. पाणी फरशीवर होतं. हिरवट काळं, परातीएवढ्या दोन तळ्यांत. बूच जागेवर, कोरडं. शहाबादी फरशी म्हणजे शेवटी चुनखडीच, तिने लिंबूफूल पिऊन पांढरे डाग दाखवले. ते डाग अजून आहेत, आणि घरात माझं कुठलंही वाक्य “मी करतो ना” असं सुरू झालं की बायको काही न बोलता परसाकडे बघते.

टाकीत डोकावलो. आतून ती चांदीसारखी लख्ख होती. आणि तळाला उजेड दिसत होता. बॅटरी बंद करून पुन्हा बघितलं, तरी दिसत होता.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. दादा असताना एकदा रंकाळ्यावर टाकी पाझरायला लागली होती. टपरीवरच्या मेकॅनिकने कपडे धुवायच्या साबणाची वडी मागितली आणि ओल्या जागेवर करकचून घासली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तो भोकात जाऊन बसतो. दोन मिनिटांत गळती बंद. तो साबण पुढे कधी निघाला नाही. त्याच्यावर रंग, रंगावर धूळ, आतून गंज. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी जी टाकी समजत होतो तिचा तळ गंजाचा होता. गंजाने पेट्रोल धरून ठेवलं होतं, आणि तोच मी रात्रभर लिंबूसरबत पाजून घालवला होता.

आत सोडा घालून धुतलं, नाहीतर आम्ल पाठ सोडत नाही. मग चहा प्यायला गेलो. दहा मिनिटांनी येऊन बघतो तर चांदीवर केशरी साय धरलेली. कोरं लोखंड ओलं राहिलं की असं होतं, हे सरांनी सांगितलं. चहा पिऊन झाल्यावर.

उद्यमनगरात एक रेडिएटर दुरुस्तीवाला आहे. त्याने टाकी अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, आत छोटा बल्ब सोडला आणि मला बोलावलं. तळावर तारे चमकत होते. सप्तर्षी स्पष्ट होते, ध्रुव थोडा मोठा होता. “साहेब,” तो म्हणाला, “ही टाकी न्हवं, चाळण हाय.” मी म्हटलं गॅस वेल्डिंग करून टाक. त्याने बल्ब बाहेर काढला, मला स्टुलावर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल जळतं, पण वाफ फुटते. पत्र्याच्या घडीत पेट्रोल जन्मभर लपून राहतं, गरम झालं की बाहेर येतं. “माझ्या गुरूची भिवई उजवीकडची न्हाई,” तो म्हणाला, आणि माझी चौकशी तिथे संपली. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने वरची सोनेरी रेघ करपली असती. कथील-शिशाचा डाग मात्र दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. रेघ वाचते.

त्याने तीन दिवस नुसती टाकी धुतली. गरम पाणी, सोडा, पुन्हा गरम पाणी. चौथ्या दिवशी सगळ्यात सडलेला तळव्याएवढा भाग हातकातरीने, ठिणगी न पाडता कापून काढला. कडा घासून लख्ख केल्या. नवसागराचा धूर झाला, डोळे चुरचुरले, कथलाचा थेंब कडेवर पडला आणि पाण्यासारखा पळत नव्या पत्र्याखाली शिरला. ही धावायची गंमत मी अर्धा तास तोंड उघडं ठेवून बघितली. बाकीचे तारे त्याने एकेक करून विझवले. मग टाकीत हवा भरून ती हौदात बुडवली. एकच बुडबुडा आला. तो त्याने अंगठ्याने दाबून ठेवला आणि मला म्हणाला, “हितं धरा.” चार दिवसांच्या कामात माझा हातभार तेवढाच.

आत लेप बिप लावला नाही. आता टाकी काठोकाठ भरून ठेवतो, हवेला जागाच देत नाही. लिटरला ४० मिली ऑइल, दादांसारखंच कफ सिरपच्या झाकणाने मोजून. खर्च विचारू नका, बायको घरात आहे.

पैसे दिले, टाकी उचलली, तेव्हा रेडिएटरवाल्याने खिशातून कागदाची पुडी काढली. “हे तुमचं सामान. कापल्यावर पडलं.”

उघडली. आत दोन नट.

“एकच होता माझा,” मी म्हटलं.

“दोन निघालं.”

एक माझा. दहा-अकराचा, लिंबूफुलाने मुलामा उतरून निस्तेज झालेला. दुसरा मोठा, जुन्या घडणीचा, कडा झिजून जवळजवळ गोल झालेल्या. “ह्यो कोपऱ्यात गंजात रुतून बसला असणार,” रेडिएटरवाला म्हणाला. “ॲसिडनं सुटला. गंज वाढला तसा जाम झाला असंल, न्हाईतर आवाज आला असता की.”

मी घरी आलो. आई परसात तांदूळ घेऊन बसली होती. तिच्यापुढे मी दोन्ही नट ठेवले. तिने माझा बाजूला सारला, दुसरा उचलला, पदराने पुसला आणि उजेडात धरला.

“सापडला होय?” ती म्हणाली. “एकवीस टाकलेले त्यांनी. वीस निघाले. मला बजावून ठेवलं होतं, पोराला सांगू नको म्हणून.”